जीपीआरवर एआय म्हणालं 'इथं बॉम्ब नाही', तर ती जमीन नांगरायला द्यायची का?

होटगी रोडकर:
मे २०२५ मध्ये पूंछकडच्या गावांत न फुटलेले तोफगोळे सापडले, लष्कराने ते निकामी केले. ते वर दिसले म्हणून कळले, रुतलेल्यांचं काय? जीपीआर म्हणजे जमिनीच्या आत बघणारं रडार, ते जमिनीत रेडिओ लहरी सोडतं, आत काही वेगळं लागलं की लहर परत फिरते आणि स्क्रीनवर कमान उमटते. ती कमान दगडाची का गोळ्याची हे आता सॉफ्टवेअर ओळखायला लागलंय. चांगलंय, पण 'जमीन साफ' हा शिक्का त्याने मारू नये असं माझं ठाम मत आहे.

बाळीवेस:
अजिबात पटलं नाही. लाओसचं बघा, १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, त्यातले क्लस्टरचे, म्हणजे एका मोठ्या बॉम्बमधून विखुरणारे छोटे बॉम्बच २७ कोटी आणि अंदाजे ३०% फुटलेच नाहीत. ५० वर्षं झाली तरी लोकांचे हातपाय जातायत! मेटल डिटेक्टर खिळ्यालाही वाजतो, पत्र्यालाही वाजतो, आणि प्रत्येक वेळी माणूस गुडघ्यावर बसून हळूहळू उकरतो. मशीनने नुसता भंगार वेगळा काढला तरी किती वर्षं वाचतील बे, कोण जास्त दिवस वाट बघणार?

होटगी रोडकर:
भंगार वेगळा काढणं म्हणजेच 'इथं खणू नका' सांगणं ना. तेच चुकलं तर पाय शेतकऱ्याचा जातो.

मुरूम खडक:
मी पाईपलाईन आणि केबल शोधायला जीपीआर फिरवतो म्हणून सांगतो. आपल्या काळ्या रानात पाऊस झाला की ही चिकणमाती लहर गिळूनच टाकते, थोड्या खोलीनंतर काहीच दिसत नाही. स्क्रीन कोरी. आता खाली काही नाही म्हणून कोरी का लहर पोचलीच नाही म्हणून कोरी, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? कोरड्या वाळूतल्या डेटावर शिकवलेलं मॉडेल इथं आणून चालणार नाही. उलट कोरड्या वाळूत प्लास्टिकचा सुरुंग असला तर तो आणि वाळू रडारला जवळपास सारखेच दिसतात, म्हणजे तिथंही डोकेदुखी आहेच. आणि मेटल डिटेक्टरवर तरी किती विसंबणार, बेसाल्टच्या मातीत लोहखनिज असतं, ते त्यालाही फसवतं.

बाळीवेस:
म्हणून तर दोन्ही एकाच दांड्यावर बसवलेली यंत्रं आहेत, कंबोडियात वापरलीत. मेटल डिटेक्टर वाजला की रडारने बघायचं. निर्णय माणसाचाच.

होटगी रोडकर:
निर्णय माणसाचा असेल तर माझा विरोधच नाही. पण मग सॉफ्टवेअरने तिसरं उत्तर द्यायला शिकावं, 'इथलं मला दिसत नाही', आणि असा तुकडा नकाशावर लाल ठेवावा.

मुरूम खडक:
हे बरोबर. त्यासाठी निकामी केलेले रिकामे गोळे काळ्या मातीत, मुरमात, वेगवेगळ्या खोलीवर पुरून उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन्ही वेळा स्कॅन घ्यायला पाहिजेत. लष्कराने रिकामी खोळ दिली तर इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना जमेल.

बाळीवेस:
करा की, मी पण येतो मदतीला. पण तोवर आहेत ती यंत्रं लाओससारख्या ठिकाणी वापरायचं थांबवू नका, एवढंच म्हणणं आहे माझं.