प्रॅक्टिकलला मुलं उत्तर आधी ठरवतात आणि रीडिंग मागाहून लिहितात, काय करावं?

प्रयोगवही_तपासणारी

नमस्कार मंडळी, मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, हे तिसरं वर्ष. थिअरीला काही वाटत नाही पण प्रॅक्टिकलचा तास आला की पोटात गोळा येतो. मागच्या आठवड्यात साध्या लंबकाचा प्रयोग घेतला, पाच गट, एकेका गटात आठ-नऊ मुलं, आणि जर्नल तपासायला बसले तर पाचही गटांची जी ची, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची, किंमत 9.8. एकाचंही 9.6 नाही की 10.1 नाही. आधी मला बरंच वाटलं खरं सांगायचं तर, मग एका गटाचा निरीक्षण तक्ता नीट बघितला. लांबी 60, 80 आणि 100 सेंमी, 20 आंदोलनांचा वेळ 31.09, 35.90 आणि 40.14 सेकंद. आता आमच्या लॅबमधली स्टॉपवॉच सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच दाखवतात, हा 09 आणि 14 आला कुठून? म्हणजे सूत्रात 9.8 घालून वेळ उलटा काढलाय!

रागावले नाही, नुसतं विचारलं. बराच वेळ कुणी बोलेना, मग एक मुलगा म्हणाला, मॅडम आमचं 10.9 येत होतं, तीनदा मोजलं तरी तेच, मग चुकीचं लिहिलं तर मार्क जातील म्हणून बरोबर करून लिहिलं. "बरोबर करून लिहिलं" हे त्याचे शब्द. रात्रभर तेच डोक्यात होतं. वर्गात मीच तर आधी फळ्यावर 9.8 लिहून दिलं होतं.

तर प्रश्न असा की पस्तीस मिनिटांच्या तासात, एवढ्या मुलांत, मोजकं साहित्य असताना मुलांनी खरंखुरं जे दिसतं तेच लिहावं यासाठी तुम्ही काय करता? पुस्तकी सल्ला नको, स्वतः करून बघितलेलं सांगा प्लीज.

दोलनकाल

ताई, त्या मुलाला आधी शाबासकी द्या, कारण त्याने तुम्हाला फार मोलाची गोष्ट सांगितलीये. 10.9 हा आकडा वाचूनच मला कळलं काय झालं असणार. गोळा सोडताना त्यांनी "एक" म्हटलंय. सोडताना "शून्य" म्हणायचं असतं, गोळा एकदा जाऊन परत आला की मग "एक". सोडतानाच एक म्हटलं तर वीस म्हणेपर्यंत खरी आंदोलनं 19 च होतात. 100 सेंमी लांबीला 19 आंदोलनांना साधारण 38.1 सेकंद लागतात, ते 20 ने भागले की दोलनकाल 1.905, आणि जी बरोबर 10.88 च्या आसपास येतो. करून बघा कॅल्क्युलेटरवर. म्हणजे पोरांचं मोजणं एकदम पक्कं होतं, तीनदा मोजून तेच येत होतं यातच सगळं आलं. चूक फक्त मोजायला सुरुवात कुठून केली त्यात होती आणि ती शोधण्यात जी मजा होती ती 9.8 च्या नादात गेली.

मी काय करतो, लंबकाच्या प्रयोगाला जी चं नावच काढत नाही. पहिल्या तासाला फक्त एवढंच, 100 सेंमीला 20 आंदोलनांचा वेळ काढा आणि फळ्यावर आपल्या गटापुढे लिहा. बस. फळ्यावर पाच आकडे शेजारी शेजारी आले की चार 40 च्या आसपास आणि एक 38, मुलंच ओरडतात की सर त्यांचं वेगळं आलंय. मग त्या गटाला सगळ्यांसमोर पुन्हा करायला लावायचं, बाकीच्यांनी बघायचं, बोलायचं नाही. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आंदोलनाला कुणीतरी हात वर करतं. आणि हो, उत्तर काय यायला हवं हे तोपर्यंत कुणालाच माहीत नसल्यामुळे जुळवून लिहिण्याचा प्रश्नच येत नाही, जुळवणार कशाशी?

अजून एक, 20 च का मोजायची हे आधी सांगू नका. एका गटाला एकच आंदोलन मोजू द्या. बटण दाबायला बोटाला साधारण 0.2 सेकंद उशीर होतो, एका आंदोलनात ते 2 सेकंदातले 0.2, आणि 20 आंदोलनांत तोच उशीर वीस जणांत वाटला जातो, प्रत्येकी 0.01. हे त्यांना स्वतःच्या आकड्यांत दिसलं की पुन्हा कधी विचारत नाहीत की सर एवढी मोजायचीच का. आणि गोळा टोकाला असताना नाही, मधून जाताना मोजा, खाली खडूची रेघ मारून ठेवा. मधे वेग सगळ्यात जास्त असतो त्यामुळे रेघ कधी ओलांडली ते नेमकं कळतं, टोकाला गोळा रेंगाळतो.

पेशीवाली

वरच्या सरांचं पटलं, पण हे फक्त आकड्यांचं नाहीये हो, चित्रांतही हेच चालतं. मी जीवशास्त्र घेते. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड, सगळ्यात सोपा प्रयोग. एका वर्षी एका मुलीने फार सुंदर आकृती काढली, पेशीभित्तिका, केंद्रक, रिक्तिका आणि आत हिरवीगार हरितलवकं. आता कांदा जमिनीखाली वाढतो, त्याच्या आतल्या पापुद्र्यात हरितलवकं नसतातच. तिने मायक्रोस्कोपमधे डोळा लावला होता, मी पाहिलं होतं, पण आकृती काढली ती पुस्तकातल्या वनस्पती पेशीची. शेजारच्या मुलाने मात्र वेगळंच काढलं होतं, पेशींच्या मधोमध जाड काळ्या कडेचे मोठे गोल, आणि त्यांना नाव दिलं होतं केंद्रक. ते हवेचे बुडबुडे होते. तरी मला त्या मुलाची आकृती जास्त आवडली कारण त्याने दिसलं ते काढलं होतं, नाव चुकलं एवढंच. त्याला मी म्हटलं, आयोडिनचा थेंब टाकला की कशाकशाचा रंग बदलतो बघ, आणि कव्हर स्लिप सरळ आपटू नकोस, एक कड टेकवून सुईने हळूहळू खाली सोड. दुसऱ्या स्लाइडला त्याला बुडबुडा नव्हता आणि पेशीच्या कडेला पिवळसर तपकिरी ठिपका दिसला. त्याने जो काही आवाज काढला तो अजून कानात आहे.

तेव्हापासून माझा नियम एकच, आकृती मायक्रोस्कोपशेजारी बसून काढायची, पुस्तक दप्तरात, दप्तर वर्गात. जे दिसतं पण नाव माहीत नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढायचं आणि प्रश्नचिन्हालाही मार्क. पहिली दोन-तीन प्रॅक्टिकल मुलं बिचकतात, घाबरत घाबरत प्रश्नचिन्ह काढतात. नंतर वह्या प्रश्नचिन्हांनी भरतात.

परीक्षानळी

मी शिक्षक नाही, लॅब असिस्टंट आहे, बरीच वर्षं झाली. सगळे "मुलांना चुकू द्या" म्हणताय, ते खरं आहे, पण केमिस्ट्रीच्या बाकावर येऊन थोडं जपून बोला. लंबक चुकला तर 10.9 येतं, संहत आम्लात पाणी ओतलं तर ते उकळून तोंडावर उडतं. आम्ल पाण्यात, थेंब थेंब, ढवळत, हे चुकून शिकायचं नसतं, ते मी स्वतः विरल करून बाटलीत भरून ठेवतो आणि मुलांच्या हातात संहत आम्लाची बाटली जातच नाही. पानातलं स्टार्च तपासायचं असतं तेव्हा अल्कोहोल सरळ ज्योतीवर कधीच नाही, गरम पाण्याच्या चंचुपात्रात परीक्षानळी ठेवायची आणि ज्योत आधी विझवायची. मोरचुदाचे खडे तापवताना परीक्षानळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं हवं, नाहीतर खड्यांतलं पाणी वाफ होऊन तोंडाशी थंड होतं आणि थेंब मागे ओघळून तापलेल्या काचेवर गेला की नळी तडकते. या गोष्टी आधी हातात धरून दाखवायच्या, मग करायला द्यायचं.

आणि मॅडम, तुमच्यासाठी एक, राग मानू नका. मुलं खोटं लिहितात त्यातलं निम्मं आपल्या साहित्यामुळे असतं. खिळा गंजलेला किंवा तेलकट असेल तर मोरचुदाच्या द्रावणात घालून तास संपला तरी तांबं धड चढत नाही, मग मुलगा काय करणार, पुस्तकात "तांबूस थर जमा होतो" लिहिलंय तेच लिहिणार. पॉलिश पेपरने खिळा चकचकीत घासून दिला की काही मिनिटांत थर दिसायला लागतो, आणि जास्त वेळ ठेवला की निळं द्रावण फिकट हिरवट होतं. आदल्या दिवशी त्याच बाटल्या, तेच खिळे, तेच थर्मामीटर घेऊन पूर्ण प्रयोग स्वतः एकदा करा, पंधरा-वीस मिनिटं लागतात. थर्मामीटर वितळत्या बर्फात बुडवून बघा, एखादा 1 अंश दाखवतो, त्याला सुताने खूण बांधून ठेवा. तो खराब म्हणून टाकू नका, तोच एखाद्या गटाला द्यायला चांगला.

दहावीचे_सर

सगळं मान्य, पण जर्नल तपासणारा आणि तोंडी घेणारा दुसराच कुणी असतो आणि त्याला अपेक्षित उत्तर हवं असतं. मुलाने 10.9 लिहिलं आणि मार्क गेले तर पालक मला विचारणार. नुसतं प्रामाणिक राहा म्हणून भागत नाही, त्याची किंमत मुलाला पडता कामा नये.

दोलनकाल

सर, मुद्दा बरोबर आहे, म्हणून मी जर्नलमधे अनुमानाखाली एक वेगळी ओळच लिहायला लावतो, "आलेली किंमत अमुक, फरक एवढा, कारण असं वाटतं". माझ्या अनुभवात ही ओळ असली की परीक्षक तिथेच थांबून मुलाशी बोलतात, मुलाला कारण सांगता आलं की मार्क जात नाहीत. आणि वर्गातले मार्क तर आपल्याच हातात आहेत, ते मी उत्तराला देतच नाही, तक्त्याला आणि कारणाला देतो.

मुलांना मी रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाची गोष्ट सांगतो. त्याने हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन आणि अमोनियापासून काढलेला नायट्रोजन, दोन्हींची घनता मोजली, लिटरला एक 1.257 ग्रॅम आणि दुसरा 1.250 ग्रॅम भरला. फरक अर्ध्या टक्क्याचा. आपण असतो तर मापनातली चूक म्हणून सोडून दिलं असतं. त्याने पुन्हा पुन्हा मोजलं, फरक जाईना, तेव्हा 1892 मधे नेचर साप्ताहिकात पत्र लिहून वाचकांनाच विचारलं की मला हे कोडं सुटत नाही, कुणाला कारण सुचतंय का. शेवटी 1894 मधे त्याने आणि रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाने त्या फरकामागचा वायू शोधला, अरगॉन, हवेत जवळपास 1 टक्का असलेला आणि तोवर कुणालाच न दिसलेला. 1904 साली दोघांना नोबेल, एकाला भौतिकशास्त्राचं, दुसऱ्याला रसायनशास्त्राचं. ही गोष्ट झाली की पोरं आपापला तक्ता जरा वेगळ्या नजरेने बघतात.

प्रयोगवही_तपासणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज लंबक परत घेतला. सांगितल्याप्रमाणे फळ्यावर फक्त गटांची नावं लिहिली आणि 100 सेंमी. काही उत्तर लिहिलं नाही, जर्नल बंद. वीस मिनिटांत फळ्यावर 40.1, 40.2, 40.0, 38.1 आणि 40.4.

38.1 वाला गट तोच होता. त्यांना पुढे बोलावून करायला लावलं, मुलाने गोळा सोडताना मोठ्याने "एक" म्हटलं आणि मागच्या बाकावरून दोन मुली एकदमच ओरडल्या, अजून एक झालंच नाही! तो क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग हसायला लागला, म्हणाला म्हणजे आमचं मोजणं चुकलं नव्हतं, मोजायला लागलो तिथे चुकलं होतं. मला इतकं भरून आलं की काय सांगू.

40.4 चं मला वाटलं बटणाचा उशीर असेल, पण त्या गटाने तीनदा घेतलं, 40.4, 40.3, 40.5, खाली येईना. मग त्यांच्यातल्या एकीने फूटपट्टी लावली तर दोरा 100 सेंमी गोळ्याच्या वरच्या हुकापर्यंतच मोजला होता, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाही. हे मी त्यांना सांगितलेलंच नव्हतं, राहून गेलं होतं माझ्याकडून. आज वह्या तपासल्या, त्या 38.1 वाल्या गटाने तो आकडा खोडलेला नाही, त्यावर एक रेघ मारून शेजारी लिहिलंय "सोडताना एक म्हणालो".

सोमवारी ओहमचा नियम आहे. आदल्या दिवशी काय काय बघून ठेवू?

परीक्षानळी

तारांची टोकं पॉलिश पेपरने घासा, निम्मे घोटाळे तिथेच असतात. ॲमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर, ही जोडणी आणि प्लस-मायनस प्रत्येक गटाचं बघितल्याशिवाय कळ दाबू देऊ नका. दोन्ही मीटरचे काटे कळ उघडी असताना शून्यावर आहेत का बघा, नसतील तर किती पुढे-मागे आहेत ते मुलांनाच लिहू द्या. कळ फक्त रीडिंग घेण्यापुरती दाबायची, मग लगेच सोडायची, नाहीतर तार तापते. चार गटांना नायक्रोमची तार द्या आणि एका गटाला तारेऐवजी टॉर्चचा छोटा बल्ब. त्यांचा आलेख सरळ येणार नाही, वाकत जाईल. आधी काही बोलू नका.