मदत हवी आहे: ट्यॉर्बेल (स्वित्झर्लंड) – गावची माणसं नेमकी कुणाला म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. शेती फड पद्धतीची, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांनी मिळून ठरवून वाटायचं; जमिनीच्या एकेका भागाला फड म्हणतात. आजोबा पाटकरी होते. बंधाऱ्यावरून पाटात आणि पाटातून चारीत पाणी सोडायचं काम त्यांनी हयातभर केलं. आखाजीला सुरत-नाशिककडे गेलेली सगळी माणसं घरी येतात, म्हणून फडकऱ्यांची बैठक तेव्हाच ठेवली आहे. मला वीस मिनिटं बोलायला दिली आहेत. मी ट्यॉर्बेल या गावाबद्दल बोलणार आहे, पण लोकसंख्येच्या मुद्द्यावर अडलोय.

हेच गाव का, ते आधी सांगतो. सामाईक मालमत्ता लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिलं (२००९चं अर्थशास्त्राचं नोबेल). त्यांच्या ठळक उदाहरणांपैकी एक म्हणजे ट्यॉर्बेल. त्याआधी रॉबर्ट नेटिंग या मानववंशशास्त्रज्ञाने या गावाचा अनेक वर्षं अभ्यास केला, चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या तपासल्या. दोघांचं काम वाचताना मला सारखी आमची चारी दिसत होती.

मला कळलेला भूगोल असा. गाव वालिस कॅन्टनमध्ये (फ्रेंच लोक वाले म्हणतात), फिस्प जिल्ह्यात. साधारण १५०० मीटर उंचीवर, फिस्पा नदीच्या दरीच्या उतारावर. खाली श्टाल्डेन, तिथे दरीला दोन फाटे फुटतात: एक झरमाटकडे, दुसरा झासकडे. वर मोसआल्पची कुरणं २००० मीटरच्या पुढे, आणि माथ्याला ऑगस्टबोर्डहॉर्न, २९७३ मीटर. उत्तरेला बर्नचे आल्प्स, दक्षिणेला पेनाइन आल्प्स. दोन्हीकडून येणारे ढग तिथेच रिते होतात. त्यामुळे श्टाल्डेनच्या आसपास वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, अख्ख्या स्वित्झर्लंडमध्ये सर्वांत कमी. बर्फाच्या देशात पर्जन्यछाया! म्हणून वरच्या ओढ्यांचं पाणी डोंगराच्या कडेकडेने पाट काढून कुरणांवर आणतात. त्या पाटांना तिकडे झुओने म्हणतात.

आता नियम. १ फेब्रुवारी १४८३ रोजी गावकऱ्यांनी एका कागदावर सह्या करून संघ स्थापला: वरची कुरणं, जंगल आणि पडीक जमीन सामाईक. बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली तरी त्याला सामाईक कुरणावर हक्क नाही, लाकूडतोडीचीही परवानगी नाही. १५१७चा नियम तर मला पाठ झालाय: हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात वर पाठवायच्या. जास्त पाठवल्या तर जबर दंड, आणि त्यातला अर्धा दंड पकडणाऱ्या गावाधिकाऱ्याला. जळणाची झाडं एकदा खुणा करून ठरवायची, घरांचे गट पाडायचे, सारख्या राशी लावायच्या आणि चिठ्ठ्या टाकायच्या. हे सांगितलं की आमची म्हातारी माणसं लगेच माना डोलावतील. पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड सगळ्यांनी मिळून पडीक ठेवायचा, हेही त्याच जातीचं शहाणपण.

आता अडचण. आजची लोकसंख्या पाचशेच्या आसपास दिसते. बैठकीत पहिला प्रश्न येणार, "पाचशे म्हणजे कोण? तिथे झोपणारे, मतदार, की हक्कदार?" आमच्याकडे याच प्रश्नावर भांडणं होतात. रेशनकार्ड गावात, माणूस सुरतेत. सातबारा त्याचा, चारी उपसायला तो येत नाही. ग्रामपंचायतीची गणती वेगळी, फडाची वेगळी. तर

१. स्विस आकडा नेमका कुणाला मोजतो?
२. 'गेमाइंड'ला (तिकडे गावाचा कारभार पाहणारी संस्था) मराठीत ग्रामपंचायत म्हणावं का? सामाईक मालकीवाल्यांसाठी वेगळा शब्द लागेल ना?
३. त्या भागात कुणी राहत असेल, तर पाट आजही चालतात का? डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलंत तर फार बरं होईल.

---

प्रतिसाद:

भाऊ, मी सहा वर्षं फिस्पमध्ये राहते. ट्यॉर्बेलला चार-पाच वेळा गेले आहे. फिस्पहून झरमाटच्या रेल्वेने श्टाल्डेनला उतरायचं, पुढे पिवळी पोस्टबस. वळणं इतकी आवळ आहेत की खालचं स्टेशन दर वळणाला नव्याने दिसतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. इथली लोकसंख्या ३१ डिसेंबरला, नोंदणीच्या आधारे मोजतात. ज्याचं मुख्य राहण्याचं ठिकाण त्या गेमाइंडमध्ये नोंदलेलं, तो तिथला. वर्षभर किंवा जास्त मुदतीचा परवाना असलेला परदेशी माणूसही त्यात येतो. सोमवार ते शुक्रवार बर्नमध्ये शिकणारा पोरगा मुख्य नोंद गावातच ठेवतो, त्याला आठवडी रहिवासी म्हणतात. तो गावच्याच आकड्यात. मात्र सुट्टीपुरतं घर घेतलेल्याला मोजत नाहीत. म्हणून डोंगरातल्या गावांत घरं जास्त, माणसं कमी असं दिसतं. ११ मार्च २०१२ला देशभर मतदान होऊन गावातल्या अशा दुय्यम घरांना २० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. वालिसने तेव्हा ठामपणे विरोधात मत दिलं होतं.

पण तुमच्या सुरतवाल्यांचं उत्तर या आकड्यात नाही, दुसऱ्याच कागदावर आहे. स्विस पासपोर्टवर जन्मगाव नसतं, 'हाइमाटऑर्ट' असतं, म्हणजे मूळ गाव. झ्युरिकमध्ये जन्मलेल्या, कधी डोंगर न चढलेल्या माणसाच्या पासपोर्टवरही पणजोबाच्या गावाचं नाव असू शकतं. आपल्या 'कर'वाल्या आडनावांसारखंच, फक्त इथे ते सरकारी आहे.

पाटांबद्दल. हो, चालतात. मी जूनमध्ये एका पाटाच्या कडेने चालले. हातभर रुंद पाणी, शेजारी जेमतेम पाऊलवाट. गवतात एक दगडी फळी आडवी टाकली की पाणी काठावरून पातळ होऊन कुरणभर पसरतं. पूर्वी राखणदार पाण्यावर एक चाक बसवायचे, ते फिरताना लाकडी हातोडा फळीवर आपटायचा. ठकठक ऐकू येतेय तोवर पाणी वाहतंय. आवाज थांबला की रात्री-अपरात्री कंदील घेऊन फुटलेली जागा शोधायला निघायचं. पाळी कुणाची आणि किती तास, ते लाकडी काठ्यांवर खाचा पाडून ठेवलेलं असे. अशा काठीला टेसल म्हणतात. अक्षरओळख नसली तरी चालायचं. २०२३च्या डिसेंबरमध्ये युरोपातल्या सात देशांच्या अशा पारंपरिक सिंचनाला युनेस्कोने अमूर्त वारशात घेतलं, त्यात स्वित्झर्लंड आहे.

गावातले श्टाडेल जरूर सांगा. लार्च लाकडाची काळपट धान्यकोठारं, खांबांवर उभी, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या पाळीसारखा सपाट गोल दगड. उंदीर खांब चढतो, पण दगडाच्या खालच्या अंगाने उलटा चालू शकत नाही.

---

प्रतिसाद:

दुसऱ्या प्रश्नापुरतं गोव्यातून लिहितो. शब्द तुम्हांला शोधायची गरज नाही, आमच्याकडे तो वापरात आहे. इथे पंचायत वेगळी आणि कोमुनिदाद वेगळी. पंचायतीत राहणारा प्रत्येक जण येतो. कोमुनिदाद म्हणजे गावकारांची. हक्क जन्माने, पुरुषाच्या वंशाने येतो आणि उत्पन्नातल्या वाट्याला जोण म्हणतात. पोर्तुगिजांनी १५२६ साली हे रिवाज लेखी केले, पण ते त्यांच्या आधीपासूनचे. ट्यॉर्बेलमध्येही राहणाऱ्यांचं गेमाइंड आणि मूळ नागरिकांचं 'बुर्गरगेमाइंड' असे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिल्याला ग्रामपंचायत म्हणा, दुसऱ्याला गावकी. आमच्या गावकीत मुंबईला गेलेला माणूसही असतो आणि चाळीस वर्षं शेजारी राहिलेला शेजारी नसतो, हे लोकांना सांगाच. इथे त्याचा फायदा आणि त्रास दोन्ही आम्ही भोगतो.

---

धागालेखक:

ताई, दादा, मनापासून आभार. हातोड्याचं वाचून आजोबांची आठवण आली. त्यांना पाटाच्या आवाजावरून कळायचं, खाट सोडून उठायचे.

आता मांडणी बदलतो. पाचशेचा आकडा एका वाक्यात सांगून पुढे जाईन. नेटिंग यांनी नोंदवह्यांतून दाखवलंय की तिथे लग्नं उशिरा व्हायची, बरेच जण अविवाहित राहायचे, बाळंतपणांत अंतर असायचं आणि पुष्कळ लोक गाव सोडून जायचे. म्हणजे गाव सोडून जाणं तिथेही जुनंच, आणि नियम त्यातूनही टिकले. सुरतवाल्यांवर चिडलेल्या आमच्या लोकांना मला हेच सांगायचंय.

एक शेवटची विनंती. १५१७चा गाईंचा नियम मी असा लिहिलाय: "ज्याच्या कडब्यावर जितकी गुरं हिवाळा काढतील, तितकीच त्याने उन्हाळ्यात डोंगरावर न्यावीत." तिकडे हिवाळ्याला कुरणातलं वाळवलेलं गवत घालतात, कडबा नाही, पण 'वाळलं गवत' म्हटलं तर आमच्याकडे माळावरचं, फुकट मिळणारं वाटेल. तिथे ते प्रत्येकाच्या स्वतःच्या, पाट फिरवून भिजवलेल्या कुरणातलं असतं आणि सगळा नियम त्यावरच उभा आहे. 'कडबा' ठेवू की 'राखलेलं गवत' म्हणू? बैठक पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी सांगितलंत तर फलकावर तसं लिहून घेईन.