जुनं मॉडर्निस्ट घर शूटिंगला द्यावं, की फक्त फोटोंना?

मांडवीकाठ: गोव्यात लोकेशन म्हटलं की सगळे बलकांव (दारापुढचा बसायचा ओटा) असलेली पोर्तुगीज वळणाची घरं शोधतात. पण १९५०-६० च्या दशकातलं सपाट स्लॅबचं, बारीक खांबांचं, सिमेंटच्या जाळीचं घर कुणी मेहनतीने दुरुस्त केलं असेल, तर ते फिल्म युनिटला देऊच नये. फोटोशूट चालेल: सहा-आठ माणसं, दोन-चार स्टँड, संध्याकाळी घर मोकळं. चित्रीकरणाला पन्नास-साठ जण येतात आणि सेप्टिक टाकी एका कुटुंबाच्या बेताची असते.

चिरेबंदी: मग स्लॅबचं वॉटरप्रूफिंग कोण करून देणार? भाडं हवंच. फिरतं शौचालय युनिटने आणायचं आणि टाकीवर व्हॅन उभी करायची नाही, हे करारात लिहा. वीज घरच्या मीटरवरून अजिबात नको. ४ किलोवॅटचा एक एचएमआय (शूटिंगचा प्रखर दिवा) जवळपास २० अँपिअर ओढतो, जुनं वायरिंग तिथेच तापतं. जनरेटर फाटकाबाहेर. ट्रॉलीचे रूळ मोझेकवर थेट टाकू द्यायचे नाहीत. खाली फेल्ट (जाड नमद्याचं कापड), त्यावर १२ मिमी प्लाय.

मांडवीकाठ: फेल्टखाली वाळूचा एक कण राहिला तरी चरा उमटतो, झाडून घेणार कोण? आणि मोझेकमधले दाणे संगमरवराचे. लिंबूसरबत किंवा कोला सांडलं की आम्लाने पृष्ठभागच खाल्ला जातो. तो डाग पुसून जात नाही, मशीनने घासून पुन्हा पॉलिश करावं लागतं.

स्लॅबवाला: दोघेही फरशीत अडकलात. खरा धोका छज्जा. भिंतीबाहेर झुकलेल्या स्लॅबच्या मुख्य सळ्या वरच्या बाजूला असतात. खाऱ्या हवेतला क्षार तिथे पोचला की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते; पण वरच्या थरामुळे ते दिसत नाही, खालून छज्जा ठणठणीत वाटतो. टोकाला दिवा टांगला की सर्वांत जास्त ताण भिंतीपाशी, नेमक्या त्याच सळ्यांवर येतो. दिवे जमिनीवरच्या स्टँडवर, पायाशी वाळूच्या पिशव्या. यात सूट नाही.

फाटकावरून: ड्रोनचंही बघा. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, त्यामुळे आसपासच्या भागात डिजिटल स्कायचा (ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा) नकाशा पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

चिरेबंदी: स्लॅबवाल्यांचं मान्य. त्यात रंगाची भर घाला. आर्ट डिपार्टमेंट भिंत निळी करतं आणि जाताना प्लास्टिक इमल्शन मारून ‘पूर्ववत’ करून देतं. चिऱ्याच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा असेल तर आतली ओल कोंडते, जुलैत फुगे येतात. म्हणून रंग नाहीच. हवी ती भिंत प्लायच्या फ्लॅटवर, म्हणजे सेटच्या सुट्या चौकटीवर, उभारा.

मांडवीकाठ: बरोबर, आणि फेब्रुवारीत शूटिंग झालं तर फुगे दिसेपर्यंत अनामत कधीच परत गेलेली असते. ती पावसाळा संपेपर्यंत ठेवायची अट घालून पाहा. कुठला निर्माता सही करतो ते कळेल.

चिरेबंदी: सगळी नको, एक चतुर्थांश ठेवा. जाहिरातवाले करतात सही.