परीक्षा, मोह आणि भाव : ख्रिस्ती मराठीत कोठे कोणता शब्द?

प्रश्न :
इंदुरात आमच्यासारख्या काही मराठी ख्रिस्ती कुटुंबांची रविवारची उपासना हिंदीत होते आणि घरची प्रार्थना मराठीत, त्यामुळे एकच वचन दोन भाषांत कानावर पडते. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातले तेरावे वचन हिंदीत देव कोणाची 'परीक्षा' करत नाही असे सांगते, तर मराठीत तो कोणाला 'मोहात' पाडत नाही असे आहे. अभ्यासवर्गात एका तरुणाने हिंदी वचन वाचून विचारले, की देव कोणाची परीक्षा करतच नसेल, तर उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात अब्राहामाची परीक्षा कोणी केली? प्रश्न रास्त आहे. मराठीत बोलताना या दोन शब्दांतली सीमा कोठे धरावी?

उत्तर :
ताई, मूळ ग्रीकमध्ये या दोन्ही अर्थांना एकच शब्द आहे, 'पेइरास्मोस', आणि हिंदी अनुवादाने तो एकपणा जसाच्या तसा ठेवला आहे. याकोब मात्र त्याच अध्यायात त्या शब्दाची दोन टोके दाखवतो. दुसऱ्या वचनात नाना प्रकारच्या परीक्षा आल्या तर आनंद माना असे तो म्हणतो, कारण त्यांतून धीर उत्पन्न होतो. तेराव्या वचनापासून तो माणसाच्या स्वतःच्या वासनेकडे वळतो, जी त्याला ओढते, भुलवते, मग गर्भवती होते आणि पापाला जन्म देते. मराठी अनुवादकांनी येथे शब्द बदलला तो योग्यच केला असे माझे मत आहे. परीक्षा घेणाऱ्याला समोरचा कसोटीला उतरावा असे वाटत असते आणि मोह घालणाऱ्याला तो पडावा असे वाटत असते. प्रसंग एकच असेल, हेतू एक नसतो.

अब्राहामाच्या बाबतीत तर मराठी माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरजच पडू नये, कारण 'सत्त्वपरीक्षा' हा शब्द आपल्याकडे हरिश्चंद्राच्या आणि चिलयाच्या कथेपासून घरोघर रुजलेला आहे. श्रियाळ-चांगुणेकडे अतिथी त्यांच्या पोटचे पोर मागतो, तसाच देव अब्राहामाकडे त्याच्या मुलाला, इसहाकाला मागतो. मोरिया देशातल्या डोंगरावर मात्र सुरी चालण्याआधीच हात थांबवला जातो आणि झुडपात शिंगे अडकलेला एडका दिसतो. त्या तरुणाला 'परीक्षा' आणि 'प्रलोभन' असा शब्दकोशी भेद सांगण्यापेक्षा 'देवाने सत्त्व पाहिले, भुलवले नाही' असे सांगितले, तर ते त्याला लवकर पटेल.

एक शंका :
वरचे विवेचन मान्य आहे, परंतु 'मोह' हा शब्द मला येथे निर्धोक वाटत नाही. आपल्याकडे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या षड्रिपूंमध्ये मोह हा स्वतःच मनाचा दोष आहे. मोह झाला म्हणजे मन आधीच डागाळले असा त्याचा ध्वनी आहे. उलट इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात ख्रिस्त सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, असे स्पष्ट म्हटले आहे. तेथे 'ख्रिस्ताला मोह झाला' असे कोणी म्हटले तर मराठी कान दचकतो.

उत्तर :
शंका अगदी योग्य आहे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायात, जेथे सैतान येशूला पारखतो, मराठीत 'परीक्षा' हाच शब्द का राहिला, याचे कारणही बहुधा तेच असावे. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. येशूला भूक लागली होती हे शुभवर्तमान लपवत नाही. भूक हे पाप नाही, आणि भाकरीचा विचार मनात येणे हेही पाप नाही. म्हणून क्रियापदाकडे लक्ष द्यावे : मोह 'समोर येतो', मोह 'आवरतो', माणूस मोहात 'पडतो' किंवा मोहाला 'बळी पडतो'. पापाची भाषा शेवटच्या दोन प्रयोगांनाच लागू आहे. आपली कितीतरी भाविक माणसे नुसता वाईट विचार मनात आला म्हणून स्वतःला पापी ठरवून प्रार्थनाच सोडून देतात, हे मला फार लागते; त्यांच्याशी बोलताना एवढा भेद तरी नेटका राखावा.

त्याच अध्यायात तिसरा प्रयोगही आहे, ज्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतान सुचवतो, तेव्हा येशू जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातले वचन पुढे करतो : आपल्या देवाची 'परीक्षा पाहू नको'. या वचनामागे मस्सा येथील प्रसंग आहे. पाणी मिळेना तेव्हा इस्राएल लोकांनी विचारले होते, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? शाळेत परीक्षा 'घेतात', पण सहनशीलतेची परीक्षा 'पाहतात', आणि या 'पाहण्या'त अविश्वासाची आणि थोडीशी उर्मटपणाची छटा येते, जी येथे नेमकी हवी आहे. नोकरी लागली तरच प्रार्थना ऐकली असे मानीन, असे मनाशी ठरवणे वरकरणी श्रद्धेचे वाटले, तरी ती देवाची परीक्षा पाहणेच आहे.

याच्या उलट काय, तर नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात मराठीने म्हटले आहे की मनापासून परमेश्वरावर 'भाव ठेव' आणि आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस. हिंदीत तेथे 'भरोसा' आहे, आणि हिंदीच्या सहवासात आपणही इंदुरात सर्रास 'देवावर भरोसा ठेवा' म्हणतो. त्यात चूक काही नाही. मराठीतही भरवसा आहेच. पण भरवसा पुष्कळदा कामाचा असतो, पैशाचा असतो, माणसाच्या शब्दाचा असतो. 'देव भावाचा भुकेला' असे म्हणणाऱ्या भाषेत 'भाव' म्हटले की त्यात प्रेम आणि शरण जाणेही आपोआप येते. प्रेषित पौल करिंथकरांना पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात सांगतो की देव विश्वसनीय आहे, तो शक्तीपलीकडे परीक्षा होऊ देणार नाही आणि तिच्यातून निभावण्याचा मार्गही देईल. तेथे आधी देवाच्या विश्वासूपणाची गोष्ट आहे, आपल्या निर्धाराची नाही. म्हणून मोहाशी झगडणाऱ्या माणसाला 'मन घट्ट कर' यापेक्षा 'भाव ठेव' म्हणणे मला वचनाला अधिक धरून वाटते.