डीएसएलआर घेताना व्ह्यूफाइंडरचा उजेड कसा पारखावा?

कुडाळचा_चष्मेवाला:
नमस्कार मंडळी. गेली काही वर्षे मी आमच्याकडच्या जत्रांमधील दशावतारी नाटकांची छायाचित्रे मोबाईलवर काढत आलो आहे. आता ३०,००० रुपयांच्या आत जुना पण सुस्थितीतील डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यावा असे मनात आहे. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याचा उजेड डोळ्यांवर आला की मागे बसलेली मंडळी ओरडतात (ते रास्तच आहे), त्यामुळे व्ह्यूफाइंडरला, म्हणजे वरच्या छोट्या झरोक्याला, डोळा लावूनच काम करावे लागणार. मित्राच्या कॅनन १५००डीला १८-५५ मिमीची झूम लेन्स लावून पाहिले, तेव्हा काळ्या वेषातला संकासुर रंगमंचाच्या काळोखात पार बुडून गेला. निकॉनचे डी५६०० आणि डी७२०० असे दोन कॅमेरे डोळ्यांसमोर आहेत. व्ह्यूफाइंडर उजळ आहे की नाही, हे दुकानात कसे ओळखावे?

फुलफ्रेम_बहाद्दर:
दोन्ही सोडा आणि निकॉनचाच डी७५० घ्या. मी २०१६ साली घेतला आणि आजतागायत पश्चात्ताप झालेला नाही. त्यातून पाहणे म्हणजे खिडकीतून पाहणे आहे, बाकी सगळी बोळातून पाहिल्यासारखी गत. अंदाजपत्रक थोडे वाढवले तर आयुष्यभराचे काम होईल.

सदाशिव_नऊशेचार:
‘थोडे’ या शब्दाचा अर्थ आपण एकदा स्पष्ट करावा. शिवाय डी७५०च्या व्ह्यूफाइंडरचे वर्धन (चित्र किती मोठे दिसते तो आकडा) ०.७० आहे आणि डी७२००चे ०.९४. मग खिडकी कुठली आणि बोळ कुठला?

पारखी_डोळा:
सदाशिवराव, हे दोन आकडे असे थेट ताडून पाहता येत नाहीत. दोन्ही ५० मिमी लेन्स लावून मोजलेले असतात, पण डी७२००चा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) डी७५०पेक्षा लहान असल्यामुळे ०.९४ला १.५ने भागावे लागते, म्हणजे उरतात सुमारे ०.६३; डी७५०चे ०.७० तसेच राहतात. १५००डीचा सेन्सर आणखी थोडा लहान, म्हणून त्याचे ०.८० भागिले १.६, म्हणजे ०.५०. मात्र हा सगळा हिशेब चित्राच्या आकाराचा आहे, उजेडाचा नाही. उजेडाचा आकडा या कंपन्यांच्या माहितीपत्रकात नसतो, तो डोळ्यानेच पाहावा लागतो.

उजेड तीन ठिकाणी ठरतो. पहिले ठिकाण वरचे टोपण: डी७२००मध्ये काचेचा सलग पेंटाप्रिझम आहे, तर डी५६०० आणि १५००डीमध्ये आरसे जोडून केलेला पेंटामिरर असून प्रत्येक आरशावर थोडा उजेड गळतो. दुसरे म्हणजे लेन्स, आणि याचा परिणाम टोपणापेक्षा कितीतरी जास्त असतो, कारण आपण पाहत असताना लेन्स पूर्ण उघडी असते. १८-५५ लेन्स ५५वर एफ/५.६ असते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे), आणि एफ/२.८च्या तुलनेत तिच्यातून एक चतुर्थांशच उजेड येतो. तिसरी फोकसिंग स्क्रीन, म्हणजे व्ह्यूफाइंडरसाठी चित्र जिच्यावर उमटते ती काच. हल्लीच्या स्क्रीन साधारण एफ/२.८पर्यंतचाच फरक दाखवतात, म्हणून एफ/१.८ची लेन्स लावली तरी डोळ्याला त्याहून फारसे उजळ दिसत नाही.

तेव्हा दुकानात एकच लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांना लावून घ्या. दाराकडे पाहू नका. काउंटरखालचा अंधारा कोपरा पाहा आणि डोळा अर्धा मिनिट स्थिरावू द्या. डी७२००वर ५० मिमी लेन्स असेल तर दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहा. दोन्ही चित्रे जवळपास सारख्याच आकाराची दिसतात, त्यामुळे उजेडातला फरक लगेच कळतो.

मिररलेस_मी:
२०२०नंतर कॅनन आणि निकॉन या दोघांनीही नवा डीएसएलआर काढलेला नाही, आणि आपण अजून आरसे मोजत बसला आहात. मिररलेसमध्ये आरशाऐवजी व्ह्यूफाइंडरमध्ये छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा असतो, त्याचा उजेड हवा तितका वाढवता येतो. एवढेच सांगून थांबतो.

फुलफ्रेम_बहाद्दर:
अंधारात ते चित्र दाणेदार होते आणि थोडे मागेही पडते. पखवाजावर थाप पडून गेल्यावर हात वर दिसला तर काय उपयोग?

बुरशीग्रस्त_रत्नागिरी:
माझा अनुभव ऐका. मुंबईत एका दुकानात जुना डी७२०० हाती घेतला, आतून पाहिले तर संध्याकाळ झाल्यासारखे दिसले. प्रिझम खराब आहे असे समजून मी तो तिथेच ठेवला आणि रत्नागिरीला परत आलो. नंतर कळले की त्या कॅमेऱ्यात बॅटरीच नव्हती. व्ह्यूफाइंडरमध्ये जो एलसीडीचा पातळ थर असतो, तो बॅटरी नसली की काळवंडतो, आणि हे माहितीपुस्तिकेत छापलेले आहे! जाण्यायेण्याचे भाडे गेले आणि कॅमेराही गेला. पुढे दुसरा घेतला, त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दोन पावसाळ्यांनी बुरशी आली. छायाचित्रात ती उमटत नाही, पण नजरेसमोर कायम जाळे राहते. कोकणात कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालूनच ठेवावा.

सदाशिव_नऊशेचार:
बॅटरी घालूनच पाहावे आणि लेन्स एकच असावी, हे मीही सांगणारच होतो. चष्मा असेल तर डायऑप्टरची (नजरेच्या नंबरानुसार चित्र स्पष्ट करणारी) चकतीही फिरवून पाहावी. डी७२००मध्ये ती उणे २ ते अधिक १ इतकीच फिरते. चकती चुकीच्या जागी असली की चित्र पुसट दिसते आणि माणूस त्यालाच अंधार समजतो.

पारखी_डोळा:
थोडक्यात डी७२०० घ्यावा. यावर दुमत नसावे.

फुलफ्रेम_बहाद्दर:
दुमत आहे.

कुडाळचा_चष्मेवाला:
सर्वांचे आभार. काल एकच ५० मिमी एफ/१.८ लेन्स आळीपाळीने दोन्ही कॅमेऱ्यांना लावून, चार्ज केलेल्या बॅटरीवर काउंटरखालचा कोपरा पाहिला. डी७२०० निःसंशय उजळ आहे आणि त्यातले चित्रही मोठे आहे. तरीही मी डी५६०० घेतला. डी७२०० नुसताच ६७५ ग्रॅमचा आहे, हा ४१५चा, आणि पहाटेपर्यंत हातात धरायचा असल्यामुळे माझ्या मनगटाने कौल दिला. उरलेल्या पैशांत तीच लेन्स घेतली. लेन्सच्या नावात एएफ-एस (म्हणजे लेन्समध्येच मोटर) आहे ना, हे आधी पाहून घेतले, कारण डी५६००मध्ये फोकसची मोटर नसल्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात.

रात्री अंगणात एकच दिवा ठेवून भाच्याला काळी चादर पांघरून उभा केला. चादरीच्या घड्या दिसल्या. आता फक्त आयपीसच्या (व्ह्यूफाइंडरला जिथे डोळा लावतो त्या भागाच्या) कडेने चष्म्याच्या काचेवर ओरखडे पडू लागले आहेत, त्यावर काही उपाय असल्यास कळवावे.