मदत हवी आहे: नागपूर ते शिकागो नक्की किती तास? (तातडीचं)

निंबूपाणी: आईचं जूनमधलं तिकीट आहे. पहाटे ३.४५ ला निघून त्याच दिवशी दुपारी २.४५ ला शिकागो. म्हणजे ११ तास ना? दादा तिकडून म्हणतो २१. नेटवर अंतर १२,९०० किमी, ताशी ९०० धरले तर १४. खरं काय? उद्या सकाळी सांगायचं आहे, लवकर बोला.

सोनेगावकर: विमान बदलायचं कुठे? दिल्ली, मुंबई, दोहा? थेट विमान तर नाही.

धरमपेठी: दिल्लीमार्गेच जा. आमचे सासरे तसेच गेले होते, काही त्रास नाही.

निंबूपाणी: तिकीट काढून झालंय हो! दोहा.

नकाशावेडा: १२,९०० विसरा. ग्लोबवर दोरा ताणून बघा, नागपूर-शिकागो दोरा उत्तर ध्रुवाजवळून जातो. तुमचं विमान आधी पश्चिमेला २,८०० जाणार, मग दोहाहून साधारण ११,५००. झाले १४,३००.

वऱ्हाडी_ठेचा: काऊन बे, पृथ्वी फिरते ना? विमान वरच थांबलं तर शिकागो आपोआप खाली येईल!

नकाशावेडा: हवाही पृथ्वीसोबतच फिरते, भाऊ.

सोनेगावकर: तिकिटावरच्या वेळा ज्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. ११ मध्ये फरक मिळवा. शिकागो आपल्यामागे साडेअकरा तास, म्हणजे साडेबावीस.

धरमपेठी: चूक. साडेअकरा हिवाळ्यात. जूनमध्ये त्यांची घड्याळं तासभर पुढे असतात, फरक साडेदहा. एकूण साडेएकवीस. दादा जवळपास बरोबर आहे.

सोनेगावकर: मान्य. पण दोहातला मुक्काम किती?

निंबूपाणी: २ तास ४० मिनिटं. पहिलं विमान सव्वाचार तासांचं, दुसरं १४ तास ३५ मिनिटांचं. हो, जुळलं! डॉक्टरांनी विचारलं होतं, आई सकाळी-रात्री ८ ला इन्सुलिन घेते.

सोनेगावकर: अहो, हे आधी सांगायचं ना! इथे आम्ही किलोमीटर मोजत बसलो.

धरमपेठी: मग घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवा. सकाळचे ८ म्हणजे आई नेमकी दोहाला उतरते. रात्रीचे ८ वाजतील तेव्हा त्या दुसऱ्या विमानात असतील. या वेळा डॉक्टरांना दाखवा, डोस तेच ठरवतील. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. खालच्या सामानात गोठू शकतं.

निंबूपाणी: आणि परत येतानाही तेवढेच तास का?

नकाशावेडा: थोडे कमी. वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, येताना ते पाठीशी असतात.

वऱ्हाडी_ठेचा: ताजी संत्री नका देऊ, तिकडे काढून घेतात. तिकीट कितीले पडलं जी?