मदत हवी आहे: शेतीची श्रम उत्पादकता चुकीची येतेय

एमए_दुसरं_वर्ष: शुक्रवारी प्रबंधाचं तिसरं प्रकरण द्यायचंय आणि तीन दिवस एकाच तक्त्यात अडकलेय. भारतातली क्षेत्रवार श्रम उत्पादकता (दर कामगारामागचं उत्पादन), २०१७-१८ आणि २०२३-२४. शेतीत चांगली वाढ दिसतेय, तर सर म्हणतात शक्यच नाही. वित्त-स्थावर मालमत्तेचा आकडा शेतीच्या कैक पट येतोय. सूत्र दहादा तपासलं. कुठे चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

आकडेमोड: सूत्र काय वापरलंत? किमती चालू (त्या त्या वर्षाच्या) की स्थिर (एका ठरावीक वर्षाच्या)?

एमए_दुसरं_वर्ष: वर जीव्हीए (क्षेत्राचं सकल मूल्यवर्धन), खाली कामगार. अजून काय असणार?

आकडेमोड: किमतींचं विचारलं होतं.

निवृत्त_पाहणीवाला: कामगारसंख्या कुठून घेतलीत? पीएलएफएसमध्ये (सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीत) टक्केवारी मिळते. २०२३-२४ ला शेतीत ४६.१ टक्के. एकूण कामगार काढायला लोकसंख्येचे अंदाज वापरावे लागतात, पाहणीतली लोकसंख्या कमी भरते. शिवाय तुमच्या दोन्ही वर्षांत पाहणीचं वर्ष जुलै ते जून होतं, जीव्हीएचं एप्रिल ते मार्च.

दापोलीकर: एवढा खटाटोप कशाला? रिझर्व्ह बँकेचा क्लेम्स डेटा (उद्योगवार उत्पादकतेची तयार आकडेवारी) उतरवून घ्या. २७ उद्योग, १९८०-८१ पासून, सगळं तयार.

निवृत्त_पाहणीवाला: तयार आकडा घेतला की भाजक कसा बनला ते कळत नाही. तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतात.

दापोलीकर: माझा प्रबंध क्लेम्सवरच झाला. कुणी विचारलं नाही.

बांधावरून: उत्पादकता वाढवायची तर ठिबक करा. आमच्या उसाला केलं तेव्हापासून पाणी धरायला गडी लागत नाही.

आकडेमोड: दादा, प्रश्न मोजण्याचा आहे.

बांधावरून: मोजण्याचंच विचारतो मग. आमची आई दोन गाई बघते. ती तुमच्या कामगारांत येते का?

निवृत्त_पाहणीवाला: येते. वर्षात ३० दिवस किंवा जास्त काम असलं की दुय्यम स्थितीत (पूरक काम करणारी म्हणून) धरतात, मजुरी मिळो न मिळो. १५ वर्षांवरच्या बायकांत काम करणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ ला २२ टक्के होतं, २०२३-२४ ला ४०.३. यातल्या बऱ्याच जणी घरच्या शेतीत बिनपगारी राबतात. भाजक तिथे फुगलाय. दोन तास राबणारी आणि दहा तास राबणारी, दोघी सारख्याच मोजल्या जातात.

बांधावरून: म्हणजे आईमुळे शेतीची उत्पादकता घटली? ती पूर्वीही हेच करत होती.

निवृत्त_पाहणीवाला: रास्त प्रश्न आहे. म्हणूनच तासांवर काढावी. पीएलएफएसमध्ये कामाचे तास विचारतात.

सरकारी_नोकरी२५: सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला यावर प्रश्न येतात का? नोट्स आहेत कुणाकडे?

एमए_दुसरं_वर्ष: सापडलं! जीव्हीए चालू किमतींचा घेतला होता. २०११-१२ च्या स्थिर किमतींना काढल्यावर शेतीतली वाढ गेलीच, उलट थोडी घट दिसतेय. पण स्थावर मालमत्तेचं काय?

आकडेमोड: त्यात मालक स्वतः राहतो त्या घराचं मानीव भाडं धरलेलं असतं. मूल्य आहे, कामगार नाही. ते वजा करून बघा. सरकारी सेवांतही जपून, तिथलं उत्पादन बरंचसं पगारखर्चावरूनच मोजतात.

दापोलीकर: क्लेम्समध्ये...

आकडेमोड: क्लेम्ससाठी वेगळा धागा काढा हो.

एमए_दुसरं_वर्ष: शेती आता तासांवर काढते. बांधावरून, आई दिवसाचे किती तास गाईंमागे असतात?

बांधावरून: धार, वैरण, शेण धरून चार तरी. उन्हाळ्यात पाणी लांबून आणावं लागतं, तेव्हा सहा.